वातविवरातून आकाशात : सरकारी विमान-संशोधनाची वाटचाल

वॉशिंग्टन शहराजवळ पोटोमॅक नदीत नांगरलेल्या एका तरत्या नौकागृहाच्या छपरावरून ८ डिसेंबर १९०३ रोजी एक विमान सोडण्यात आले आणि क्षणार्धात ते पाण्यात कोसळले. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख, ख्यातनाम शास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांच्या या प्रयोगासाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने ५०,००० डॉलर दिले होते. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या बंधूंनी किटी हॉक येथील वाळूवर माणसाला घेऊन उडणारे विमान उडवून दाखवले. त्यांचा सारा खर्च सायकलींच्या दुकानाच्या मिळकतीतून झाला होता. सरकारी पैसा नदीत बुडाला आणि दुकानदाराचा पैसा उडाला, असा या दोन घटनांचा अर्थ त्या काळी अनेकांनी काढला.

हा अर्थ अपुरा होता. राइट बंधूंच्या यशामागे केवळ हिंमत नव्हती. १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या दुकानात लाकडाची एक पेटी बनवली, तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि त्या वाऱ्यात पंखांचे सुमारे २०० लहान नमुने टांगून त्यांवरील बळ मोजले. पंखाचा आकार कसा असावा, हे अंदाजाने नव्हे तर मोजमापाने ठरवण्याची ही पद्धत होती. अशा पेटीला आज विंड टनेल किंवा वातविवर म्हणतात. पहिल्या विमानापुरती ती दुकानात मावली. पुढची विमाने जसजशी मोठी आणि वेगवान होत गेली, तसतशी तिच्यासाठी लागणारी इमारत, वीज आणि माणसे एखाद्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेर गेली.

युरोपातील सरकारांच्या हे लवकर ध्यानात आले. ब्रिटनने १९०९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या अध्यक्षतेखाली वैमानिकी सल्लागार समिती नेमली. जर्मनीत लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्येच सीमास्तराचा, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून संथपणे वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा, सिद्धांत मांडला होता आणि काही वर्षांत ग्योटिंगेन येथे वातविवरही उभे राहिले. विमानाची जन्मभूमी असलेली अमेरिका मात्र पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा या विद्येत मागे पडली होती.

अखेर ३ मार्च १९१५ रोजी अमेरिकेच्या संसदेने नौदलाच्या खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या एका कलमाद्वारे वैमानिकीसाठी राष्ट्रीय सल्लागार समिती स्थापन केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एनएसीए’ या नावाने ओळखली गेली. बारा बिनपगारी सदस्य आणि वर्षाला ५,००० डॉलर, एवढीच तिची सुरुवातीची शिदोरी होती. उड्डाणाच्या प्रश्नांचा शास्त्रीय अभ्यास करावा आणि तो व्यवहारात उपयोगी पडेल अशा दृष्टीने करावा, हे तिचे काम होते. विमाने बांधणे तिच्याकडे नव्हते. व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथे तिची पहिली प्रयोगशाळा ११ जून १९२० रोजी रीतसर सुरू झाली आणि तिला नाव देण्यात आले लँगली यांचे. ज्यांचे विमान पाण्यात बुडाले, त्यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेतून पुढे जगभरच्या विमानांचे आकार ठरले, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग होय.

या प्रयोगशाळेचे पहिले वातविवर एका ब्रिटिश नमुन्याची नक्कल होती आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. अडचण मूलभूत होती. खऱ्या विमानाच्या विसाव्या हिश्श्याएवढा नमुना वाऱ्यात ठेवला, तर त्याच्याभोवती हवा खऱ्या विमानाभोवती वाहते तशी वाहत नाही. लहान वस्तूला हवेचा चिकटपणा अधिक जाणवतो. यावर प्रांटल यांचे शिष्य मॅक्स मुंक यांनी तोडगा सुचवला. नमुना वीस पटींनी लहान असेल तर हवाच वीस पटींनी दाट करावी. त्यानुसार जहाजबांधणीच्या कारखान्यात जाड पोलादाची एक प्रचंड टाकी तयार करून घेण्यात आली आणि तिच्या आत वातविवर बसवण्यात आले. वातावरणाच्या वीसपट दाबाखाली चालणारे हे यंत्र १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात कामाला लागले आणि लहान नमुन्यांवरून मोठ्या विमानाचे विश्वसनीय आकडे प्रथमच मिळू लागले.

त्याचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे पंखांच्या छेदांची सूची. पंख उभा कापला तर जो माशासारखा आकार दिसतो, त्याला पंखाचा छेद म्हणतात. एनएसीएने अशा ७८ छेदांची पद्धतशीर चाचणी घेऊन १९३३ मध्ये त्यांचे आकडे प्रसिद्ध केले. प्रत्येक छेदाला चार अंकांचे नाव होते आणि नावातच त्याची कृती सामावलेली होती. उदाहरणार्थ, २४१२ या छेदाचा बाक पंखाच्या रुंदीच्या २ टक्के, तो बाक सर्वाधिक असण्याची जागा पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर आणि जाडी १२ टक्के. अभिकल्पकाने सूची उघडावी, हवे ते गुण पाहावेत आणि छेद निवडावा. त्यासाठी कोणाला मूल्य देण्याचे कारण नव्हते. ४४,००० हून अधिक संख्येने बांधले गेलेले आणि भारतातही वैमानिक-प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे सेसना १७२ हे लहान विमान याच २४१२ छेदाच्या पंखावर उडते. डीसी-३ या प्रवासी विमानाच्या पंखाचे छेदही याच सूचीतले होते. या विमानाची लष्करी आवृत्ती म्हणजे डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली ती हीच विमाने.

या विमानांवर प्रयोगशाळेच्या आणखी एका कामाची खूण होती. त्या काळची इंजिने हवेने थंड होत, त्यामुळे त्यांची नळकांडी उघडीच ठेवावी लागत आणि ती वाऱ्याला मोठा अडथळा करत. फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँगली येथे २० फूट व्यासाच्या वातविवरात पूर्ण आकाराची इंजिने ठेवून त्यांभोवती निरनिराळ्या आकारांची झाकणे बसवून पाहिली. इंजिन झाकावे तर ते तापेल, ही सर्वांची भीती होती. हवेचा प्रवाह आत योग्य दिशेने वळवला, तर झाकलेले इंजिनही पुरेसे थंड राहते आणि रोध लक्षणीय कमी होतो, असे १९२८ मध्ये सिद्ध झाले. कर्टिस कंपनीच्या एका लष्करी विमानाला हे झाकण चढवताच त्याचा वेग ताशी १९० किलोमीटरवरून २२० किलोमीटरवर गेला. इंजिन तेच, इंधन तेच, वाढ केवळ पत्र्याच्या एका कड्याने झाली! फेब्रुवारी १९२९ मध्ये असेच झाकण बसवलेल्या लॉकहीड विमानातून फ्रँक हॉक्स यांनी लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १८ तासांत कापून विक्रम केला आणि त्या वर्षीचा कॉलियर पुरस्कार एनएसीएला मिळाला. कारखानदारांशी समितीचा संबंधही जिवंत होता. १९२६ पासून दरवर्षी विमानकंपन्यांचे अभियंते लँगली येथे बोलावले जात, नवे निष्कर्ष त्यांना दाखवले जात आणि त्यांच्या अडचणी ऐकून पुढचे प्रयोग ठरत.

१९३१ मध्ये पूर्ण आकाराचे विमान मावेल असे ३० फूट उंच आणि ६० फूट रुंद वातविवर तेथे बांधले गेले. १९३८ मध्ये नौदलाचे ब्रूस्टर बफेलो विमान त्यात ठेवून अंगाबाहेर आलेला प्रत्येक नळ, फट आणि कोपरा तपासण्यात आला. या साफसफाईने त्याचा वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटरवरून ४५० किलोमीटरपर्यंत वाढला. त्यानंतर एकामागून एक लढाऊ विमाने या तपासणीसाठी येऊ लागली. युद्धकाळात गाजलेल्या मस्टँग विमानाचा पंखही ईस्टमन जेकब्स यांच्या गटाने शोधलेल्या नव्या छेदांवर आधारलेला होता. पंखावरून हवा दूरपर्यंत गुळगुळीत वाहावी, ही त्यामागची कल्पना होती. प्रत्यक्ष रणांगणावर पंखाला लागलेली धूळ आणि चिकटलेले किडे यांमुळे तसे फारसे घडले नाही. परंतु तोच आकार अधिक वेगाला मानवतो असे आढळले. संशोधनात ठरवलेले एक आणि हाती आलेले दुसरे, असे अनेकदा होते.

ही वाटचाल केवळ यशाची नव्हती. जेट इंजिनाच्या बाबतीत ही संस्था साफ चुकली. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये या इंजिनाचे पेटंट घेतले होते आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत हाइंकेल कंपनीचे पहिले जेट विमान उडाले. लँगली येथील अभियंते त्या वेळी पंख्यावर चालणारी विमानेच अधिक सुबक करण्यात गुंतले होते. मागे वळलेल्या पंखांची कल्पना जर्मनीचे अडॉल्फ बुसेमान यांनी १९३५ मध्ये जाहीरपणे मांडली होती. अमेरिकेत रॉबर्ट जोन्स यांना ती स्वतंत्रपणे सुचली, पण १९४५ मध्ये. त्याच वर्षी पराभूत जर्मनीतील प्रयोगशाळांची कागदपत्रे पाहून बोइंगच्या अभियंत्यांनी आपल्या बी-४७ बाँबफेकी विमानाचा आराखडा बदलला. आजच्या बहुतेक प्रवासी जेट विमानांचे मागे वळलेले पंख आणि पंखाखाली टांगलेली इंजिने यांचे मूळ त्या विमानात आहे. एका सरकारी संशोधनाची उणीव दुसऱ्या, तेही शत्रूच्या, सरकारी संशोधनाने भरून काढली.

ध्वनीच्या वेगाची भिंत चक येगर यांनी १४ ऑक्टोबर १९४७ रोजी बेल एक्स-१ या विमानातून ओलांडली. हा कार्यक्रमही हवाईदल, एनएसीए आणि बेल कंपनी यांचा संयुक्त होता. भिंत फुटली तरी तिच्याजवळ पोहोचताच रोध भयंकर वाढतो, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर लँगलीतील रिचर्ड व्हिटकम्ब यांना डिसेंबर १९५१ मध्ये गवसले. विमानाचे नाकापासून शेपटीपर्यंत काप केले, तर कापांचे क्षेत्रफळ हळूहळू वाढावे आणि हळूहळू कमी व्हावे. पंख सुरू होतात तेथे क्षेत्रफळ एकदम फुगत असेल, तर तेवढाच भाग धडातून कमी करावा. म्हणजे विमानाला कंबर असावी! कॉनव्हेअर कंपनीचे वायएफ-१०२ हे लढाऊ विमान १९५३ मध्ये उडाले तेव्हा सरळ उड्डाणात त्याला ध्वनीचा वेग गाठता येईना. क्षेत्रफळाच्या नियमानुसार त्याचे धड लांब आणि मध्यभागी बारीक करण्यात आले आणि डिसेंबर १९५४ मध्ये सुधारित विमानाने चढता चढताच तो वेग ओलांडला. हा नियम १९५५ पर्यंत गुप्त ठेवण्यात आला होता.

१ ऑक्टोबर १९५८ रोजी एनएसीए विसर्जित होऊन तिच्या प्रयोगशाळा आणि सुमारे ८,००० कर्मचारी नव्या नासा संस्थेत आले. रशियाच्या स्पुटनिकनंतरचा तो काळ होता. निधी आणि प्रसिद्धी अंतराळाकडे वळली आणि नासाच्या नावातले पहिले ‘ए’ वैमानिकीचे आहे, हे लोकांच्या विस्मरणात गेले. तरीही त्याच काळातील संशोधन आजच्या प्रवाशाच्या सर्वाधिक निकट आहे. व्हिटकम्ब यांनी वरून सपाट आणि मागे खालून बाकदार असा पंख तयार केला. ध्वनीच्या वेगाजवळ त्यावर उठणारा आघाततरंग सौम्य होतो. ९ मार्च १९७१ रोजी एफ-८ विमानावर त्याची पहिली चाचणी झाली. पुढे त्यांनी पंखाच्या टोकाला उभी पाती जोडण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवणे निकडीचे झाले होते आणि १९७९-८० मधील उड्डाण-चाचण्यांत या पात्यांनी मोठ्या विमानाच्या इंधन-कार्यक्षमतेत सहा-सात टक्क्यांच्या आसपास सुधारणा दाखवली. खिडकीतून दिसणारे पंखाचे वर वळलेले टोक ते हेच.

दुसऱ्या एका एफ-८ विमानातून वैमानिकाच्या दांड्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या सळ्या आणि तारा काढून टाकण्यात आल्या. त्यांच्या जागी अपोलो चांद्रयानाचा संगणक बसवण्यात आला. तो वापरावा, ही सूचना तेव्हा नासाच्या वैमानिकी विभागात असलेल्या नील आर्मस्ट्राँग यांची होती. २५ मे १९७२ रोजी गॅरी क्रिअर यांनी उडवलेले हे विमान, यांत्रिक जोडणीचा कोणताही आधार न ठेवता केवळ अंकीय संगणकाच्या विद्युत-आज्ञांवर उडालेले पहिले विमान ठरले. या पद्धतीला फ्लाय-बाय-वायर म्हणतात. विशेष म्हणजे प्रवासी विमानांत तिचा अंकीय स्वरूपात सर्वप्रथम पुरेपूर वापर केला तो युरोपच्या एअरबस कंपनीने, १९८७ मध्ये प्रथम उडालेल्या ए-३२० मध्ये. कॉन्कॉर्ड विमानाचा अनुभव आणि स्वतःच्या सरकारी प्रयोगशाळा युरोपपाशीही होत्याच. तथापि प्रसिद्ध झालेले ज्ञान सीमा ओळखत नाही, हे त्यातून दिसले.

काही कामे तर विमानावर दिसतच नाहीत. ओल्या धावपट्टीवर चाके पाण्याच्या थरावर तरंगून घसरतात. पट्टीवर आडव्या बारीक खाचा पाडल्या तर पाणी निघून जाते, हे लँगली येथे १९६० च्या दशकातील प्रयोगांतून सिद्ध झाले आणि खाचांच्या धावपट्ट्या जगभर रूढ झाल्या. अशा खाचा कोणती विमानकंपनी स्वतःच्या खर्चाने शोधणार होती?

नेमक्या याच प्रश्नावर पुढे वाद पेटला. १९८० च्या दशकाच्या आरंभी रेगन प्रशासनातील अर्थसंकल्पी अधिकाऱ्यांनी, नागरी विमानांचे संशोधन उद्योगांनी स्वखर्चाने करावे, अशी भूमिका घेतली. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्याच विज्ञान कार्यालयाने त्याविरुद्ध अभिप्राय दिला आणि निधी टिकला. २००४ मध्ये युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेकडे उलट दिशेने तक्रार केली : नासाचे संशोधन म्हणजे बोइंगला दिलेले छुपे अनुदान होय. अमेरिकेनेही एअरबसला मिळणाऱ्या सरकारी कर्जांविरुद्ध दाद मागितली. २०११ मध्ये संघटनेच्या पथकाने बोइंगला किमान ५.३ अब्ज डॉलरचे अनुदान मिळाल्याचे आणि त्यातील सुमारे २.६ अब्ज नासामार्फत आल्याचे मानले. पुढे अपिले झाली, एकमेकांच्या मालावर कर लादले गेले आणि जून २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी हे कर पाच वर्षांसाठी स्थगित ठेवण्याचे ठरवले. पंखाच्या छेदांची सूची सर्वांसाठी खुली होती, तेव्हा असा दावा सुचणेही कठीण होते. एखाद्या कंपनीशी करार करून केलेल्या संशोधनाचे फळ कोणाचे, हा प्रश्न मात्र खरा आहे.

ज्ञानाचे दार बंद झाले तर काय होते, याचा अनुभव भारताला आहे. या देशात विमानविद्येचा पाया घातला गेला तो १९४० च्या दशकात. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना सुरू केला आणि लवकरच सरकारने तो ताब्यात घेतला. तेथील प्रमुख अभिकल्पकांपैकी डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर परिसरातले. त्यांनी ग्योटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली होती. ज्या गुरूच्या मुंक या शिष्याने अमेरिकेला तिचे महत्त्वाचे वातविवर दिले, त्याच गुरूच्या या मराठी शिष्याच्या मार्गदर्शनाखाली भारतीय अभिकल्पाचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. १९५९ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा स्थापन केली, पुढच्याच वर्षी ती बंगळूरला आली आणि १९६७ मध्ये तेथे ध्वनीच्या वेगाखालील, त्याच्या आसपासच्या आणि त्यापलीकडच्या अशा तिन्ही वेगांचे वातविवर सुरू झाले.

तेजस या हलक्या लढाऊ विमानाचा आराखडा जाणीवपूर्वक अस्थिर ठेवलेला आहे. संगणकाने क्षणोक्षणी सावरल्याशिवाय ते उडू शकत नाही. त्याचे नियंत्रण-नियम लिहिण्यासाठी १९९२ मध्ये या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने राष्ट्रीय चमू तयार झाला आणि अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिन कंपनीचे साहाय्य घेण्यात आले. मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले आणि तेथे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले. उरलेले काम बंगळूरमध्ये पूर्ण झाले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजसचे पहिले उड्डाण केले. नियंत्रण-नियमांतील दोषामुळे परदेशांत अशा विमानांचे अपघात झाले होते. तेजसच्या पहिल्या उड्डाणात तसे काही घडले नाही. २०१६ मध्ये ते हवाईदलाच्या तुकडीत दाखल झाले.

त्याच प्रयोगशाळेचे सारस हे १४ आसनी प्रवासी विमान मात्र इतके सुदैवी ठरले नाही. २९ मे २००४ रोजी ते प्रथम उडाले, पण अपेक्षेहून जड ठरले. ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ चाचणी-उड्डाणात दुसरे सारस विमान कोसळले आणि हवाईदलाचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर हा प्रकल्प अनेक वर्षे थांबला. सुधारित सारसने जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा उड्डाण केले आणि त्यानंतर प्रयोगशाळेने १९ आसनी आवृत्तीचे काम हाती घेतले. १९६७ च्या वातविवरात तेजसप्रमाणेच भारताच्या उपग्रह-प्रक्षेपकांच्या नमुन्यांचीही चाचणी झालेली आहे.